सॉफ्टवेअर, सीडी, नग १

प्रति,
मा. संरक्षण मंत्री आणि संरक्षण खरेदी परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
नवी दिल्ली

विषय : लष्करी यंत्रणांमधल्या सॉफ्टवेअरची खरेदी, आणि खरेदीनंतर त्याचं होतं काय, याबद्दल

महोदय,

काही वर्षांपूर्वी आमच्या कारखान्यात एका यंत्राची शेवटची तपासणी चालू होती. यंत्र लष्कराचं, त्यामुळे नाव सांगत नाही. लांबच्या हालचाली टिपून त्या पडद्यावरच्या नकाशावर दाखवायच्या, हे त्याचं काम, एवढं पुरे. तपासायला आलेले गृहस्थ कमालीचे काटेकोर होते. पेटीचा हिरवा रंग त्यांनी शेड कार्डाशेजारी धरून पाहिला, एकेक कनेक्टर हाताने ओढून पाहिला. एका स्क्रूखाली वॉशर नव्हता, तोही त्यांच्या नजरेतून सुटला नाही. तीन दिवस हे चाललं होतं. मग यादीतला ३७ वा क्रमांक आला : ‘सॉफ्टवेअर, सीडी, नग १’. “सीडी कुठाय?” त्यांनी विचारलं. मी दिली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली, ओरखडा नाही याची खात्री केली, लेबलावरचा नंबर लिहून घेतला आणि बरोबरची खूण केली. ३८ व्या क्रमांकावर ताडपत्री होती.

त्या सीडीत आमची चार वर्षं होती. यंत्र काय पाहणार, काय गाळणार, कशाला शत्रू म्हणणार आणि कशाला रानडुक्कर, हे सगळं तिच्यात होतं. वॉशरच्या वाट्याला आला तेवढा वेळही तिच्या वाट्याला आला नाही. यात त्या गृहस्थांचा काही दोष नाही. यादी त्यांनी केलेली नव्हती. यादी करारातून उतरते आणि करार तुमच्या दारातून येतो, म्हणून हे पत्र तुम्हाला.

मी पुण्याचा. सव्वीस वर्षं सॉफ्टवेअर तपासलं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमधल्या चुका काढल्या आणि त्यापायी बऱ्याच जणांशी वाकडं घेतलं. त्यातली एकोणीस वर्षं संरक्षणाच्या कामात गेली, बहुतेक छोट्या पुरवठादारांकडे. पत्र मराठीत लिहितोय, कारण पाषाण, दिघी, भोसरीच्या पट्ट्यात हे काम करणारी पुष्कळ मंडळी मराठीत विचार करतात आणि त्यांनीही हे वाचावं असं मला वाटतं. दिल्लीत भाषांतराची सोय असतेच.

आता त्याच यंत्राची पुढची गोष्ट.

ते चौक्यांवर गेलं. साधारण सव्वा वर्षाने एका केबलची तक्रार आली आणि ती पाहायला दोघांना पाठवायचं ठरलं. एकजण आजारी पडला, म्हणून त्याच्या जागी मी गेलो. एरवी टेस्टिंगवाल्याला चौकीवर कोण नेतं? तिथे यंत्र सांभाळणारे सुभेदार कोरेगाव तालुक्यातले निघाले. मी मराठी म्हटल्यावर चहा आला, आणि चहाबरोबर जे बाहेर आलं ते कुठल्याच तक्रार अर्जात नव्हतं. “सर, ह्येला सहा तासानं झोपवाय लागतंय. न्हाईतर येड्यागत करतंय.”

त्यांनी एक लांबट वही काढली, किराणा दुकानात उधारी लिहायला असते तसली. पानामागून पान भरलेलं. ०२०० बंद, ०२०३ चालू. ०८०० बंद, ०८०३ चालू. १४०० बंद. २००० बंद. खाली ड्यूटीवरच्या जवानाची सही. शेजारच्या चौकीवरचं यंत्र त्याच वेळी बंद पडू नये म्हणून त्यांच्याशी बोलून वेळा पुढेमागे लावून घेतल्या होत्या. चौदा महिने ही वही चालू होती. दिवसाची बारा मिनिटं यंत्र आंधळं, आणि ती बारा मिनिटं कोणती हे ठरवलं होतं एका सुभेदाराने, स्वतःच्या अकलेने. त्यांना सलाम करावा की आपल्या तोंडात मारून घ्यावी, तेच कळेना.

कारण मला दुपारपर्यंत सापडलं. नकाशावरचा ठिपका दिसेनासा झाला की त्याची नोंद टेबलातून पुसली जायला हवी होती. एका विशिष्ट परिस्थितीत ती पुसली जात नव्हती. मोरीत केस अडकत जावेत आणि पाणी हळूहळू उतरेनासं व्हावं, तसं त्या यंत्राचं व्हायचं. सहा-सात तासांनी ठिपके रेंगाळायला लागायचे, मग भलतीकडेच दिसायचे. आम्हाला हे कारखान्यात का दिसलं नाही? कारण आमची सलग चालवून पाहायची चाचणी चार तासांची होती. चारच का? मूळ गरजपत्रात तेवढंच लिहिलं होतं. यंत्र रोज किती तास चालणार, हे चौकीवरच्या माणसाला कुणी विचारलंच नव्हतं. आणि त्या चार तासांच्या चाचणीच्या अहवालावर सही माझीच आहे. हे पत्र लिहायचा अधिकार मला त्या सहीने दिलाय, असं मी समजतो.

ही गोष्ट जुनीच आहे. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या धहरानमध्ये ती घडली होती, फक्त तिथे सुभेदारांची वही नव्हती. आखाती युद्ध चालू होतं. इराकने डागलेलं स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडलं आणि २८ जण ठार झाले. त्यातले १३ एकाच तुकडीचे होते. पेनसिल्व्हेनियातली ही पाणी शुद्ध करणारी तुकडी सौदीत येऊन जेमतेम सहा दिवस झाले होते. स्कड अडवायला पॅट्रियट यंत्रणा तैनात होती, चालूही होती. तिने क्षेपणास्त्र सोडलंच नाही, कारण ती आकाशात भलत्या जागी पाहत होती.

का, ते अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९२ साली अहवालात मांडलंय, आणि तो अहवाल तुमच्या प्रत्येक खरेदी समितीने वाचावा असा आहे. पॅट्रियटचा संगणक वेळ मोजायचा सेकंदाच्या दहाव्या भागात. एक रुपया तिघांत वाटला तर प्रत्येकी ३३ पैसे येतात आणि एक पैसा उरतो. आपल्या दशमान हिशेबात एक-तृतीयांश कधी पुरा होत नाही, तसा संगणकाच्या द्विमान हिशेबात एक-दशांश कधी पुरा होत नाही. कुठेतरी तोडावा लागतो. इथे तो २४ बिटांवर, म्हणजे ०-१ च्या २४ अंकांवर, तोडला होता. उरलेला ‘पैसा’ इतका बारीक की सेकंदाचे एक कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागाहूनही थोडा कमीच. पण सेकंदाच्या दर दहाव्या भागाला तो साठत जातो. त्या दिवशी ती यंत्रणा १०० तासांहून जास्त काळ सलग चालू होती. साठलेली चूक झाली सेकंदाची सुमारे एक-तृतीयांश. स्कड सेकंदाला दीड किलोमीटरच्या वर धावतं. म्हणजे यंत्राची नजर अर्ध्या किलोमीटरहून जास्त सरकलेली होती.

यंत्रणा मुळात बांधली होती युरोपातल्या लढाईसाठी. सोव्हिएत विमानं पाडायची, थोडा वेळ एका जागी थांबायचं, मग पुढची जागा धरायची. १०० तास एका जागी बसून राहील असं कुणाच्या मनातही नव्हतं. त्यावर कडी म्हणजे वेळेचा जास्त अचूक हिशेब कोडमध्ये काही ठिकाणी नंतर घातला होता, पण सगळीकडे घालायचा राहिला होता. क्षेपणास्त्र पुढे कुठे असेल हे यंत्रणा दोन वेळांच्या वजाबाकीवरून ठरवायची. दोन्ही वेळा सारख्याच चुकल्या असत्या तर वजाबाकीत चूक बरीचशी उडून गेली असती. अर्धवट दुरुस्तीने एक वेळ सुधारली आणि एक तशीच राहिली. टेस्टिंगवाल्यांच्या अंगावर काटा येतो तो इथे.

पण माझा मुद्दा गणिताचा नाही, तारखांचा आहे. ११ फेब्रुवारीला इस्रायलकडून आलेल्या माहितीवरून पॅट्रियटच्या प्रकल्प कार्यालयाला कळलं होतं की सलग आठ तास चालवल्यावर नजर २० टक्क्यांनी सरकते. १६ फेब्रुवारीला दुरुस्त सॉफ्टवेअर बाहेर पडलं. २१ ला तैनात तुकड्यांना संदेश गेला की ‘फार वेळ’ सलग चालवल्यास नजर सरकू शकते. फार वेळ म्हणजे किती, याचा आकडा त्यात नव्हता. यंत्रणा बंद करून पुन्हा चालू करायला एक-दीड मिनिट पुरे होतं, घड्याळ शून्यावर आलं असतं. २५ ला बराक पडली. दुरुस्त सॉफ्टवेअर धहरानला पोचलं २६ ला.

चूक माहीत होती आणि तिचा इलाजही तयार होता. वाटेत दहा दिवस गेले, कारण इलाज चौकीपर्यंत नेण्याचं काम, आणि तोवर काय करायचं हे साध्या शब्दांत सांगण्याचं काम, नेमकं एका माणसाचं नव्हतं. आणि तेही ऐन युद्धात, अमेरिकेसारख्या देशात, अख्खं प्रकल्प कार्यालय दिमतीला असताना.

आमच्या यंत्राच्या दुरुस्तीला किती दिवस लागले ते सांगतो. कोड बदलायला दोन दिवस. पुन्हा तपासायला, या वेळी ७२ तास सलग चालवून, तीन आठवडे. आणि चौकीवरच्या पेटीत तो जायला अकरा महिने.

अकरा महिन्यांचा हिशेब ऐकाल तर हसाल. वार्षिक देखभालीचा करार होता, पण त्याच्या जोडपत्रात पंखे, फ्यूज, केबल, पडदा एवढंच होतं. ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द नव्हता. मग आमच्या मालकांनी विचारलं, पैसे कोण देणार? त्यांचंही बरोबर होतं, सहा चौक्यांवर माणसं पाठवायची म्हणजे खर्च होताच. आम्ही पत्र लिहिलं. उत्तर आलं की सॉफ्टवेअर बदललं तर ती ‘नवी वस्तू’ होईल, तेव्हा स्वीकृती चाचणी नव्याने करावी लागेल. ती कोण करणार, यावर चार महिने गेले. तपासणीला माणूस मिळेपर्यंत त्याची बदली झाली. नवे आले, त्यांनी फाइल पहिल्या पानापासून वाचायला घेतली, आणि वाचायलाच हवी होती. दरम्यान ‘तोवर दर सहा तासांनी बंद-चालू करावे’ अशी सूचना सगळ्या चौक्यांना काढा, असं मी तीनदा सुचवलं. नाही निघाली. अशी सूचना काढणं म्हणजे घेतलेल्या मालात दोष असल्याचं कबूल करणं, आणि मग लेखापरीक्षणात प्रश्न येतो. म्हणजे एका सुभेदाराला जे ठाऊक होतं ते बाकीच्या पाच चौक्यांना अधिकृतपणे कळायची वाटच नव्हती. आपापल्या परीने कळलं असेलही. जवान हुशार असतात. पण त्या भरवशावर यंत्र विकत घ्यायचं का?

हे एका पुरवठादाराचं किंवा एका कार्यालयाचं गाऱ्हाणं नाही. यातला प्रत्येक माणूस आपल्या कागदाप्रमाणे बरोबर वागत होता. कागदच असा होता की सॉफ्टवेअर सीडीवर आलं, नग मोजला, विषय संपला.

दुसरी गोष्ट, कोड कुणाच्या हातात असतो ही.

ब्रिटनने १९९५ साली आपल्या विशेष दलांसाठी आठ चिनूक हेलिकॉप्टरं मागवली, एचसी-३ नावाची. सुमारे २५ कोटी ९० लाख पौंडांचा मामला. पैसे वाचवायला कॉकपिट अर्धं जुनं काट्यांचं आणि अर्धं नवं डिजिटल ठेवलं होतं. २००१ च्या अखेरीस हेलिकॉप्टरं आली. आता उडवायची परवानगी द्यायची तर नव्या कॉकपिटमधलं सॉफ्टवेअर सुरक्षित असल्याचा पुरावा हवा. पुरावा काढायचा तर आतला कोड तपासायला हवा. आणि तो पाहायला देण्याची अट करारात घातलेलीच नव्हती. शेवटी परवानगी मिळाली ती ५०० फुटांच्या वर, निरभ्र हवेत, खालच्या खुणा डोळ्यांना दिसत असतील तर. रात्री, ढगात, जमिनीलगत उडण्यासाठी घेतलेलं हेलिकॉप्टर! आठही हँगरमध्ये जाऊन बसली. तिकडे अफगाणिस्तानात ब्रिटिश सैन्याला हेलिकॉप्टरं पुरत नव्हती. अखेर नवं कॉकपिट काढून जुन्या धाटणीचं बसवायचं ठरलं. मागणीपासून कामाला लागेपर्यंत दीड दशक गेलं. एका अटीपायी.

परदेशी कंपन्या कोड देत नाहीत, हे तुम्ही जाणता. पण म्हणून ‘स्वदेशी’ म्हटल्यावर हा प्रश्न सुटतो, असं कृपया धरू नका. माझ्या एका जुन्या कंपनीत जिन्याखाली एक डेस्कटॉप होता. त्यावर खडूने लिहिलं होतं, ‘बंद करू नये’. विंडोज एक्सपी, मागच्या बाजूला कंपायलरच्या, म्हणजे कोडपासून चालतं सॉफ्टवेअर बांधणाऱ्या प्रोग्रामच्या, लायसन्सची किल्ली असलेलं डोंगल, सैल झालेलं म्हणून चिकटपट्टीने बांधलेलं. एका लष्करी यंत्राचं सॉफ्टवेअर नव्याने बांधायचं झालं तर जगात फक्त त्या एका डबड्यावर बांधता यायचं. ज्याने ते सगळं जुळवलं होतं तो मुलगा हिंजवडीला एका बँकेच्या सॉफ्टवेअरवर गेला, तिप्पट पगारावर, आणि मी त्याला मुळीच दोष देत नाही. कोडची प्रत लष्कराला दिली होती का? दिली होती. सीडीवर. पण त्या कोडपासून तेच सॉफ्टवेअर पुन्हा बांधून दाखवा, असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. कुणी म्हटलं असतं तर त्याच आठवड्यात कळलं असतं की दोन फाइली त्या सीडीवर नाहीतच. त्या जिन्याखाली होत्या.

पावसाळ्यात त्या जिन्याखाली पाणी यायचं, हेही जाता जाता नोंदवतो.

आपल्याकडे याच्या अगदी उलटं उदाहरणही आहे, आणि ते बंगळूरुत आहे. तेजस हे विमान हवेत मुद्दाम अस्थिर केलेलं आहे. संगणकाने सेकंदाला अनेकदा सावरलं नाही तर ते वैमानिकाच्या हातात राहणारच नाही. ते सावरणारं सॉफ्टवेअर म्हणजे त्या विमानाचा जीव. त्यावरचं काही काम अमेरिकेत, तिथल्या कंपनीबरोबर चालू होतं. मे १९९८ मध्ये पोखरणला चाचण्या झाल्या, निर्बंध आले, आपल्या अभियंत्यांना परत पाठवलं गेलं आणि उपकरणं तिकडेच अडकली. मग एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सी, नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज आणि इतर संस्थांतल्या माणसांनी ते इथे पुरं केलं. ४ जानेवारी २००१ ला विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी तेजस पहिल्यांदा उडवलं, १८ मिनिटं. पहिल्या उड्डाणापासून पहिला अपघात व्हायला तेवीस वर्षं गेली. तेजसला उशीर किती झाला यावर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यांची तक्रार खोटी नाही. पण त्या उशिरात एक गोष्ट कमावली गेली. त्या विमानाला सावरणाऱ्या सॉफ्टवेअरमधली एक ओळ बदलायची झाली, तर परवानगी मागायला सातासमुद्रापार जावं लागत नाही.

हे जमलं कारण तिथे तपासणी ही वेगळी, मानाची जागा होती. उडणाऱ्या लष्करी वस्तू तपासून त्यांना उडण्याची मान्यता देणारी सेमिलॅकसारखी संस्था आपल्याकडे आहे, १९९५ पासून. विमानाच्या सॉफ्टवेअरला डीओ-१७८सी नावाचं मानक आहे. सर्वांत धोक्याच्या पातळीसाठी त्यात ७१ उद्दिष्टं पुरी करावी लागतात, आणि त्यातली ३० अशी की ज्याने काम केलं त्याने तपासायचं नाही, दुसऱ्याने तपासायचं. जमिनीवरच्या पेट्यांच्या वाट्याला एवढी शिस्त आलेली माझ्या एकोणीस वर्षांत मी पाहिली नाही. पेटी पडली तर आकाशातून पडत नाही, म्हणून असेल. पण धहरानची पेटीही जमिनीवरच होती.

आणि तपासणाऱ्याला ‘नाही’ म्हणायचा हक्क नसेल तर मानकं असूनही उपयोग नसतो. पुन्हा चिनूकचंच उदाहरण, मॉडेल वेगळं. १९९३ साली ब्रिटिश हवाई दलाच्या चिनूक एमके-२ च्या इंजिन नियंत्रण सॉफ्टवेअरचं परीक्षण बाहेरच्या कंपनीकडे दिलं होतं. जेमतेम १८ टक्के कोड वाचून ४८६ विसंगती निघाल्या, तेव्हा त्यांनी पुढे वाचणं थांबवलं. बॉस्कोम डाउनच्या सरकारी चाचणी केंद्राने या प्रकारच्या हेलिकॉप्टरांची चाचणी उड्डाणं थांबवली. हवाई दलाने मात्र ती सेवेत चालू ठेवली. २ जून १९९४ ला त्यातलं एक स्कॉटलंडच्या मल ऑफ किन्टायरवर दाट धुक्यात आदळलं. २९ माणसं गेली. ते सॉफ्टवेअरमुळेच पडलं असं कुणी सिद्ध केलेलं नाही, मीही म्हणत नाही. पण १९९५ साली दोन्ही मृत वैमानिकांवर घोर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला गेला, आणि तो पुसायला २०११ उजाडलं. यंत्राबद्दलची शंका फाइलीत राहिली आणि माणसांबद्दलची खात्री जाहीर झाली. आपल्याकडेही चौकशीत पहिलं बोट कुणाकडे जातं, ते तुम्ही जाणता.

उलट बाजूही सांगतो. फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकेची एफ-२२ लढाऊ विमानं हवाई बेटांवरून जपानला निघाली होती. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताच त्यांचे दिशादर्शनाचे संगणक कोलमडले. तारीख बदलण्याचा हिशेब कोडमध्ये चुकला होता. बरोबरच्या इंधनवाहू विमानांमागे उडत ती कशीबशी हवाईला परतली. चूक बाळबोध म्हणावी अशी. पण दोन दिवसांत दुरुस्ती झाली आणि काही दिवसांत विमानं जपानला पोचलीदेखील. चुका होणारच, त्या लपवण्यासारख्या नाहीत. दोन दिवस आणि अकरा महिने यात जो फरक आहे तो हुशारीचा नाही. आमचीही पोरं हुशार होती, दोन दिवसांत कोड त्यांनीच दुरुस्त केला होता.

तेव्हा मागणं काय? निविदेत चाचणीची ओळ स्वतंत्र ठेवा, तिचा पैसा स्वतंत्र ठेवा आणि एल-वनच्या, म्हणजे सर्वांत कमी बोली कुणाची या तुलनेतून ती वगळा. आज भाव पाडायचा झाला की पहिली कात्री चाचणीवर चालते, कारण ती कापलेली कुणाला दिसत नाही. ‘चार महिने कशाला, दीड महिन्यात उरका’ हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या कंपन्यांत, तीन वेगवेगळ्या साहेबांच्या तोंडून, अक्षरशः असंच ऐकलंय. आणि उरकलंयही.

माल स्वीकारायच्या दिवशी कोडची सीडी मोजू नका. तुमच्या माणसाला रिकाम्या संगणकावर बसवा आणि त्या कोडपासून सॉफ्टवेअर त्याच्याच हाताने बांधवून घ्या. बांधलेलं आणि पेटीतलं एकच निघालं तर सही करा, नाहीतर करू नका. याला दोन दिवस लागतील. रंगाला तीन लागलेच होते.

देखभालीच्या करारात दुरुस्तीची मुदत घाला, आणि ती शेवटच्या चौकीपर्यंतची घाला. चूक कळल्यापासून अमुक दिवसांत इलाज, आणि तोवर काय करायचं याची आकड्यासकट सूचना अमुक तासांत, चौकीवरच्या माणसाला समजेल अशा भाषेत. या सगळ्याला जबाबदार असा एक अधिकारी नेमा, हुद्द्याने नाही, नावाने. त्याची बदली झाली तर जबाबदारी कुणाकडे गेली हे त्याच दिवशी लिहिलं जावं. आणि अशी सूचना काढल्याबद्दल लेखापरीक्षणात त्याला कुणी पिंजऱ्यात उभं करणार नाही, हे तुम्ही लेखी द्या. हे शेवटचं झालं नाही तर आधीचं काहीच होणार नाही, एवढं मी या व्यवहाराला ओळखतो.

आणि गरजपत्र लिहायला बसता तेव्हा त्या खोलीत एक सुभेदार बसवा. यंत्र दिवसाचे किती तास चालतं, हे एका वाक्यात सांगेल.

ते कोरेगावचे सुभेदार आता निवृत्त झाले. मागच्या वर्षी त्यांच्या मुलाच्या लग्नाला गेलो होतो. मांडवात मला बाजूला घेऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “सर, त्येचं पुढं काय झालं? झोपवाय लागतंय का अजून?” मी म्हटलं, नाही, दुरुस्ती गेली सगळीकडे. असं म्हणालो खरा, पण मला नक्की माहीत नव्हतं. मी कंपनी सोडली तेव्हा आमच्या टेबलावरची आवृत्ती होती २.३.१. सहापैकी चार चौक्यांवर ती बसवल्याचे कागद मी स्वतः पाहिले होते. उरलेल्या दोन चौक्यांवर त्या वर्षी बर्फ लवकर पडला.

त्या दोन पेट्यांत आज कोणती आवृत्ती चालू आहे, हे मला कळवू नका, ते मला कळायलाही नको. पण तुमच्या इमारतीत असा एक फोन नंबर आहे का, जो फिरवल्यावर संध्याकाळच्या आत हे उत्तर तुम्हाला मिळेल? एकदा फिरवून पाहा.

आपला,
एक निवृत्त चाचणी अभियंता
पुणे